मयूराने लोथल बुडवलं

मयूराची आणि माझी ओळख सिडनीतल्या वेस्टमीड हॉस्पिटलच्या लॅबमध्ये झाली. वॉर्डांमधून आलेल्या रक्ताच्या नळ्या घ्यायच्या, लेबलं तपासायची, पुढे मशीनकडे पाठवायच्या, असं आमचं दोघींचं काम. ती आली त्या पहिल्याच आठवड्यात आमच्या सुपरवायझरने, मायकेलने, तिला 'मायरा' म्हटलं. तिने नाव नीट सांगितलं. तो पुन्हा मायराच म्हणाला. त्या दिवसापासून मयूरा त्याला 'मिशेल' म्हणायला लागली. चेहऱ्यावर हसू ठेवून, सगळ्यांसमोर, रोज. त्याला 'मयूरा' म्हणता यायला लागलं तेव्हाच तो पुन्हा मायकेल झाला.

"अगं, सोडून द्यावं," मी तिला म्हटलं होतं.

"सोडायला तो काय फुगा आहे?" ती म्हणाली.

मला ती तेव्हाच आवडली, आणि थोडी भीतीही वाटली.

मयूरा मूळची सांगलीची. पुण्यात पुरातत्त्वशास्त्रात एम. ए. केलेलं. शिकत असताना गुजरातमध्ये उत्खननावर गेली होती आणि तिथूनच एकदा लोथल बघायला गेली. तेव्हापासून लोथल तिच्या डोक्यात बसलं ते कायमचं. डबा खाताना ती त्याच्याबद्दल असं बोलायची, की वाटावं परवाच तिथून आलीय.

"आधी तिथे नदीकाठचं साधं खेडं होतं," ती सांगायची. "चकचकीत अभ्रकाच्या मातीची भांडी करणारी माणसं. मग सिंधूकडचे लोक आले, व्यापारी, कारागीर. आणि त्या खेड्याचं शहर झालं. साडेचार हजार वर्षांपूर्वी, बघ. सरळ रस्ते, प्रत्येक घरात न्हाणी, न्हाणीचं पाणी झाकलेल्या गटारात. अकीकाच्या मण्यांचा कारखाना. मणी केवढा, बोटाच्या पेराएवढा, आणि त्याला आरपार भोक. दगडाने दगडाला भोक! ते मणी जहाजातून पार इराकपर्यंत जायचे."

"आणि राजा कोण?" मी विचारलं.

"तेच तर ना! राजवाडा म्हणावा असं काही सापडलंच नाही. राजाचा पुतळा नाही, लढाया जिंकल्याची चित्रं नाहीत. पण वीट मात्र सिंधूपासून गुजरातपर्यंत एकाच मापाची. उंचीच्या दुप्पट रुंदी, रुंदीच्या दुप्पट लांबी. कोणी सांगितलं असेल सगळ्यांना? कोणी ऐकलं असेल?"

लग्न झालं प्रणवशी. तोही पुण्याचा, सिव्हिल इंजिनिअर. पावसाचं पाणी रस्त्यावरून, वस्त्यांमधून कसं वाहून न्यायचं, नाले केवढे, बंधारे कुठे, याचं डिझाइन करणं हे त्याचं काम. स्किल्ड व्हिसावर दोघं सिडनीला आले. मयूराला वाटलं होतं, इथे एखाद्या उत्खननावर किंवा म्युझियममध्ये काम मिळेल. पण जिथे जावं तिथे 'लोकल एक्स्पीरियन्स' हवा, आणि तो मिळावा कुठून ते कोणी सांगेना. तेवढ्यात उर्वी झाली. मग मयूराने टेफला, म्हणजे इथल्या सरकारी तंत्रशाळेत, लॅबचा कोर्स केला आणि वेस्टमीडला लागली.

ब्लॅकटाउनला त्यांचं भाड्याचं घर होतं. त्या घराच्या गॅरेजमध्ये तिने लोथल बांधायला घेतलं.

मी ते पाहिलंय. गाडी बाहेर उन्हात आणि आत प्लायवूडवर अख्खं शहर. आमच्या वेस्टर्न सिडनीची माती तुम्हाला माहीत असेल, पावसात चिखल आणि उन्हाळ्यात दगड. परसातली तीच चिकणमाती खणून, मळून, चाळून ती नखाएवढ्या विटा पाडायची. हडप्पावाल्यांच्याच प्रमाणात. घरं, चौथरे, वखार यांच्यासाठी कच्च्या, नुसत्या उन्हात वाळवलेल्या विटा. गटारं, न्हाण्या आणि गोदीच्या भिंती यांच्यासाठी भाजक्या. भाजायला जवळच्या पॉटरी क्लासची भट्टी. गोदी म्हणजे शहराच्या पूर्वेचा तो मोठा विटांचा हौद, जिथे जहाजं लागायची म्हणतात. "काही जण म्हणतात तो नुसता तलाव होता," मयूरा सांगायची, "म्हणू देत. माझ्या गॅरेजमध्ये ती गोदी आहे."

उर्वीही शाळेतून आली की आईशेजारी बसायची. मणीकारांची गल्ली तिची. त्यात तिने बैलगाड्या केल्या होत्या, विहीर केली होती, आणि पाठीत वाकलेला एक कुत्रा.

प्रणवने त्या शहरासाठी एकच काम केलं. फिशटँकचा छोटा पंप आणून टेबलाखालच्या पाण्याच्या बादलीत ठेवला आणि त्याची नळी गोदीत सोडून दिली. त्या दिवशी मी तिथेच होते. तो म्हणाला, "सगळ्यावर सीलर मार ना एकदा. पाणी उडालं तर विरघळेल सगळं."

"त्यांनी मारला होता का सीलर?" मयूरा म्हणाली. "पाणी लागेल तिथे भाजकी वीट, बाकी कच्ची. म्हणून तर गोदीला सांडवा ठेवलाय, बघ इथे, दक्षिणेच्या भिंतीत. जास्तीचं पाणी इथून बाहेर. हीच तर त्यांची अक्कल."

"हं," तो म्हणाला. तो फोनवर काहीतरी बघत होता.

दोन वर्षांपूर्वी मयूराच्या आईला पक्षाघात झाला. मयूरा सांगलीला गेली. उर्वीची शाळा होती म्हणून ती बाबाजवळ राहिली. महिन्याभरात आई गेली. दिवसकार्य आटपून मयूरा परत आली तेव्हा एअरपोर्टवर प्रणव आला नव्हता, मीच गेले होते. गाडीत तिने फोन सुरू केला आणि त्याचा मेसेज वाचला. तो पॅरामाटाला वेगळा राहायला गेला होता, ऑफिसमधल्या एका बाईबरोबर. 'उर्वी एक आठवडा तुझ्याकडे, एक माझ्याकडे. आपण मॅच्युअरली घेऊ या.'

मयूरा रडली नाही. घरी पोहोचल्यावर सामान दारातच टाकून ती थेट गॅरेजकडे गेली आणि तिने शटर वर केलं. आत काही नव्हतं. काँक्रीटवर मोठा स्वच्छ चौकोन होता, आणि त्याच्या चारी बाजूंना धूळ.

शहर त्याच्या ऑफिसच्या लॉबीत होतं. हार्मनी वीक, म्हणजे इथला सगळ्या संस्कृतींचा सप्ताह, त्यासाठी त्याने ते तिथे मांडलं होतं, शेजारी पितळी पाटीवर स्वतःचं नाव. आपल्या लोकांच्या रेडिओवर त्याची मुलाखतही झाली. मुलाखत घेणारीने विचारलं, एवढं मोठं काम एकट्याने केलंत? त्यावर तो हसून म्हणाला, "बायको माती मळायला मदत करायची."

मयूराने ती मुलाखत मला लंचच्या वेळी ऐकवली. ते वाक्य आलं की मागे नेऊन पुन्हा ऐकवायची.

"नवरा गेला, ठीक आहे," ती म्हणाली. "जातात लोकांचे. पण 'मदत करायची'?"

तिने त्याला फोन लावला, माझ्यासमोरच, स्पीकरवर.

"माझं शहर परत दे."

"अगं, ती गॅरेजमधली एक वस्तू आहे, मयूरा," प्रणव म्हणाला. "पंप माझा, प्लाय माझा, ट्रान्सपोर्ट मी केला. तू नुसत्या विटा पाडत बसायचीस."

"शहर विटांचंच असतं, प्रणव."

"हे बघ, इमोशनल होऊ नकोस. तुला नवीन करता येईल ना? तुझ्याकडे काय, वेळच वेळ आहे आता."

तिने फोन ठेवला. मी म्हटलं, वकिलाला सांग, वाटणीत माग. ती म्हणाली, "मागून मिळालेलं मला नकोय."

त्यानंतर वर्षभर ती प्रणवशी फार गोड वागली. उर्वीला घ्यायला तो आला की त्याला चहा विचारायची. दिवाळीला त्याच्या घरी चिवडा पाठवला. प्रणव आमच्या कोणाकोणाला सांगायचा, "मयूरा खूप ग्रो झालीय." आणि मयूरा लंचला बसली की मला सांगायची, तिला त्याचं काय काय व्हावंसं वाटतं. मी ते इथे लिहीत नाही. एवढंच सांगते, की बोलताना तिचा आवाज कधी चढायचा नाही आणि जेवण कधी थांबायचं नाही.

मग आपल्या मराठी मंडळाने पेंडल हिलच्या हॉलमध्ये प्रदर्शन ठरवलं, 'सिंधू ते सिडनी'. मंडळाचा सेक्रेटरी यतिन. त्याने प्रणवला मॉडेल घेऊन बोलावलं, वर भाषणही ठेवलं. पण लॉबीतून हॉलमध्ये नेताना शहर हिंदकळलं. वखार खचली, तटबंदी तडकली, निम्मी घरं कोसळली. प्रणवने आणखी कोणाला बोलवावं? त्याने मयूराला फोन केला.

"थोडी डागडुजी करून देशील? मुलांसाठी गं. उर्वीलाही आवडेल."

"करते की," मयूरा म्हणाली.

शुक्रवारी दुपारी शिफ्ट संपल्यावर मी तिच्याबरोबर गेले. वर्षभराने ती त्या शहरापाशी उभी राहिली. आधी नुसता हात ठेवला तिने, ताप बघतो तसा. मग बाह्या सरसावून कामाला लागली. मातीचा गोळा, पाण्याची वाटी, चिमटा. वखारीचा चौथरा तिने पुन्हा रचला. "ही वखार फार महत्त्वाची," काम करता करता ती बोलत होती. "व्यापाराचा माल इथे बांधायचे, वर मातीचं सील, त्यावर मुद्रा. पूर यायचा, पुन्हा पुन्हा यायचा. दर वेळी त्यांनी चौथरे आणखी उंच केले आणि पुन्हा राहायला लागले. चिवट माणसं." तिचा हात एवढ्या मायेने फिरत होता, की मला वाटलं, संपलं, हिने माफ केलं त्याला.

सगळं झाल्यावर तिने आइस्क्रीमची एक काडी मोडून तिची इवली फळी केली. गोदीच्या सांडव्यात खाचा होत्या, तिथे ती सरकवली आणि कडेने ओली माती अंगठ्याने दाबली.

"हे काय?" मी विचारलं.

"दार. तिथेही होतं म्हणतात, लाकडाचं. ओहोटीला लावून ठेवायचे, म्हणजे गोदीतलं पाणी टिकायचं."

मला ते छान वाटलं. किती बारकावा, असंच मनात आलं.

तेवढ्यात प्रणव आला. लांबूनच एक नजर टाकून म्हणाला, "वा, थँक्स हं. उद्या नुसता पंप सुरू केला की झालं ना? बाकी काही बघायला नको?"

मयूरा हात धूत होती. तिने मान वर केली नाही.

"नो वरीज," ती म्हणाली.

शनिवारी हॉल भरला होता. मराठी शाळेची मुलं पुढे जमिनीवर बसलेली, मागे आईबाप, आणि एका बाजूला प्रणवने मुद्दाम बोलावलेला त्याचा ऑस्ट्रेलियन बॉस. उर्वी मुलांत बसली होती. मयूरा आणि मी तिसऱ्या रांगेत. मयूराने आईची इरकल नेसली होती.

प्रणवने पंप सुरू केला, मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि तो मॉडेलकडे पाठ करून पडद्यावरच्या स्लाइड्स दाखवायला लागला. बोलला मात्र छान, खोटं कशाला सांगू. वजनं कशी सगळीकडे एकसारखी होती, कापूस कसा त्यांनी फार आधी पिकवला, लिपी अजून कोणालाच कशी वाचता आली नाही. सगळं मयूराच्या तोंडून ऐकलेलं. मयूरा त्याच्याकडे बघतच नव्हती. ती गोदीकडे बघत होती.

"आणि माझ्या फील्डच्या दृष्टीने सगळ्यात ग्रेट गोष्ट," प्रणव म्हणाला, "या लोकांना ड्रेनेज कळलं होतं. ओव्हरफ्लोची सोय होती, मित्रांनो! साडेचार हजार वर्षांपूर्वी!"

पाणी काठोकाठ आलं होतं. ते क्षणभर काठावर फुगून थांबलं आणि मग पश्चिमेच्या भिंतीवरून वखारीकडे उतरलं. आधी चौथऱ्याचा रंग नुसता गडद झाला. मग एक कोपरा बसला. मग वखार अशी खाली गेली, जशी उभी राहून दमलेली बाई बसावी. पुढच्या रांगेतला एक मुलगा ओरडला, "इट्स मेल्टिंग!"

मुलं उठली. प्रणव वळला. पंपाचं बटण टेबलाखाली होतं, ते त्याला सापडेना. तो गुडघ्यांवर बसून वायरी ओढायला लागला. वरून तांबडं पाणी त्याच्या पांढऱ्या कुर्त्यावर पडत होतं. तोवर पाणी रस्त्यांत शिरलं, भिंती एकामागून एक आडव्या झाल्या. शेवटी त्याचा बॉस शांतपणे पुढे आला, वाकून बघितलं आणि सांडव्यातली ती काडी दोन बोटांनी उपटली. भळभळ पाणी बाहेर गेलं. गटारं, न्हाण्या, गोदी तेवढ्या राहिल्या. बाकी चिखल.

"मेट," बॉस म्हणाला, "यू ब्लॉक्ड युअर ओन आउटलेट."

आधी कोणीतरी एक जण हसला, मग सगळा हॉल. प्रणवने मान वर केली आणि तिसऱ्या रांगेत बघितलं. मयूरा हसत नव्हती. ती नुसती त्याच्याकडे बघत होती, आणि त्याला कळलं.

कार पार्कमध्ये त्याने आम्हाला गाठलं. कुर्ता अजून ओला होता.

"तुला माहीत होतं."

"तुलाही माहीत होतं," मयूरा म्हणाली. "मी गॅरेजमध्ये दाखवलं होतं तुला. आणि पाणी कुठून जाईल हे बघणं तर तुझं पोटापाण्याचं काम ना? मी काय, माती मळायला मदत करणारी."

त्याला तिथेच सोडून आम्ही स्टेशनजवळ डोसा खायला गेलो. मयूराने दोन मागवले. इतक्या चवीने खाताना मी तिला बऱ्याच दिवसांनी बघितलं. चटणी संपवून तिने आणखी मागितली. म्हणाली, "बरं वाटलं. खरंच बरं वाटलं गं."

संध्याकाळी यतिनचा फोन आला. तो चिडलेला होता. "मयूरा, प्रणव म्हणतोय तू मुद्दाम केलंस. मंडळाच्या कार्यक्रमात असं करतात का?"

"हो, मीच केलं," ती म्हणाली. "आणि ते शहर बांधलंही मीच होतं, सगळं. सांगायचं तर दोन्ही सांग लोकांना. एकच सांगितलंस तर माझ्याशी गाठ आहे."

यतिनने दोन्ही सांगितलं. मंडळाच्या ग्रुपवर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. निम्मे म्हणाले, बाई विषारी आहे. निम्म्यांनी तिला स्वतंत्र मेसेज करून शाबासकी दिली. ग्रुपवर मात्र नाही. प्रणवच्या ऑफिसमधली पितळी पाटी निघाली. त्याला तिथे अजून 'आउटलेट' म्हणतात, असं ऐकते.

इथवर सगळं मयूराच्या मनासारखं झालं. पण त्या शनिवारी उर्वी बापाच्या गाडीतून गेली होती. तिचा आईकडचा आठवडा आला तेव्हा ती आली, बॅग ठेवली आणि दारातच उभी राहिली.

"यू डिड इट ऑन पर्पज."

"हो," मयूरा म्हणाली. "बाबाने माझं चोरलं होतं ना, बेटा."

"माय हाउसेस वेअर इन इट टू, आई." उर्वीचा आवाज फुटला. "माझी गल्ली. माझा डॉग. यू डिडन्ट इव्हन थिंक."

आणि ते खरं होतं. मयूराने मला हे सांगितलं तेव्हा पहिल्यांदाच तिने डबा अर्धा ठेवून बंद केला. वर्षभर तिने प्रणवचा चेहरा कसा पडेल एवढंच डोळ्यांपुढे आणलं होतं. पाणी कुठल्या भिंतीवरून जाईल हे तिने बघितलं होतं. मणीकारांची गल्ली वाटेत आहे हे तिच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

उर्वीने आईशी भांडण केलं नाही. तिने बोलणंच आवरतं घेतलं. विचारलं तर 'येस', 'नो', 'फाइन'. मयूराने तिची माफी मागितली, एकदा नाही, अनेकदा. "सॉरी म्हणून डॉग येणारे का?" एवढंच उर्वी एकदा मराठीत म्हणाली.

यंदा उर्वी सातवीत गेली. त्यांना हिस्टरीला प्राचीन संस्कृतींचा प्रोजेक्ट असतो, कोणती घ्यायची ते मुलांनी ठरवायचं. उर्वीने इजिप्त घेतलं. जेवताना आईकडे बघत, सावकाश सांगितलं तिने, "इजिप्त. दे हॅड किंग्ज. अँड स्टोन."

मयूराने मला हे सांगितलं आणि कपाळाला हात लावून हसली. "कुठे मारायचं ते बरोबर कळतं गं तिला. माझ्याकडूनच आलंय."

"आता तरी पस्तावतेस का?" मी विचारलं.

"प्रणवबद्दल? छे. पुन्हा वेळ आली तर पुन्हा फळी लावीन. फक्त उर्वीची गल्ली आधी उचलून बाजूला ठेवीन."

गेल्या रविवारी मी तिच्याकडे गेले होते. मयूरा डायनिंग टेबलावर पुठ्ठ्याचे त्रिकोण कापत होती आणि उर्वी शेजारी पट्टी घेऊन उभी होती.

"आई, दॅट्स क्रुकेड. पुन्हा काप."

मयूराने पुन्हा कापला.